अकरा यंत्रं आणि ट्रिक्सी: वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

सहाला सेतू केंद्र बंद केलं आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. लाइन होती, म्हणून कधीची राहिलेली यादी करून टाकली. यंत्रं अकरा. सहा डेस्कटॉप, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे. दोन आय-थ्री, त्यांवर विंडोज १०. एक पेंटियम ४, तो काकाजींच्या, म्हणजे आमच्या ग्रंथपालांच्या टेबलावर, पुस्तकांच्या देवाणघेवाणीसाठी. आणि ॲटम एन२७०चे दोन नेटबुक, पाटीएवढे. विंडोजवाले दोन सोडले तर बाकी नऊ यंत्रांवर डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची आवृत्ती १२, म्हणजे बुकवर्म, आणि तेही ३२-बिटचं, म्हणजे जुन्या प्रोसेसरांवरही चालणारं.

३२-बिटचं का, तर २०२३ साली मीच एक पेनड्राइव्ह तयार केला आणि तोच नऊ ठिकाणी लावला. नेटबुकवर चाललं म्हणजे सगळीकडे चालेल, असा माझा हिशेब. आता तोच अंगाशी येतोय. ऑगस्टमध्ये येणाऱ्या डेबियन १३मध्ये, म्हणजे ट्रिक्सीमध्ये, ३२-बिट पीसीसाठी कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. असं यंत्र असेल तर ट्रिक्सीवर जाऊच नका, असं त्यांच्या सूचनांतच लिहिलंय.

एकेका यंत्रावर टर्मिनल उघडून 'एलएससीपीयू' चालवलं. त्यात वरच्याच ओळींमध्ये प्रोसेसर कशाकशात चालतो ते येतं. सहाही कोअर टू ड्युओंनी "३२-बिट, ६४-बिट" असं दोन्ही दाखवलं. नेटबुक आणि पेंटियम फक्त ३२. म्हणजे सहा यंत्रांना मी दोन वर्षं लहान मापाच्या चपलेत चालवलं. खरा प्रश्न तिघांचाच आहे.

२० जुलै, रविवार

बैठक म्हणायची तर बैठक. काकाजी, निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या दोघी, बारावीतला पोरगा (सकाळी दूध संकलनावर, संध्याकाळी आमच्याकडे) आणि शेतात चिखल म्हणून इकडे येऊन बसलेले एक कास्तकार भाऊ. विषय: ट्रिक्सी आली की जायचं, की बुकवर्मवरच राहायचं.

काकाजी बुकवर्मच्या बाजूने. कारण तांत्रिक नाही. "पुस्तकाचा किडा वाचनालयात नाही ठेवाचा त कोठी ठेवाचा?" डेबियनच्या आवृत्त्यांना खेळण्यांच्या एका सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, हे मी सांगितल्यापासून त्यांचा त्या नावावर जीव आहे. तिसऱ्या कपाटातल्या खऱ्या किड्याचं, वाळवीचं, काय करायचं हा विषय मात्र पुन्हा पुढच्या रविवारवर गेला.

पोरगा दुसऱ्या टोकाला. त्याला आर्च पाहिजे, म्हणजे दुसरं एक लिनक्स. "ताई, दोन वर्षं जुनं लिबरऑफिस वापरून राहिलो आपण. रोलिंग घेतलं की आवृत्तीची भानगडच नाही." त्याचं अगदीच चूक नाही. रोलिंगमध्ये रोज थोडं थोडं नवं येत राहतं, दोन वर्षांनी एकदम मोठी उडी मारावी लागत नाही. पण आमच्याकडे नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट, आणि तो गच्चीवर नीट चालतो, खोलीत नाही.

वाद मिटवला बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी, आणि तोही प्रश्न विचारून. "मागच्या महिन्यात छापायचं बटण डाव्या हाताले होतं. ते तिथंच राहीन का?"

मी स्वतः बरेच दिवस 'स्टेबल' म्हणजे बंद न पडणारं असं समजत होते. डेबियनमध्ये स्टेबल म्हणजे न बदलणारं. आवृत्ती एकदा बाहेर पडली की तिच्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. नव्या सोयी यायच्या त्या पुढच्या आवृत्तीत. बटण दोन वर्षं डाव्या हातालाच राहतं. पोराला जे जुनाट वाटतं, त्याच्यावरच बाईंचं काम चालतं.

गुरुजींनी विचारलं, तारीख आधी ठरते की तयारी आधी? उबुंटूत, म्हणजे डेबियनवरच बेतलेल्या लिनक्समध्ये, तारीख आधी: दर एप्रिल आणि ऑक्टोबर, आणि दर दोन वर्षांनी पाच वर्षं सांभाळली जाणारी एलटीएस. (३२-बिटचे दरवाजे त्यांनी कधीच लावले.) डेबियनमध्ये तयारी आधी. वुडी ही आवृत्ती आली जुलै २००२मध्ये आणि त्यानंतरची सार्ज थेट जून २००५मध्ये. "आमच्या शाळेच्या खोल्यांसारखं," गुरुजी म्हणाले. त्यानंतर मात्र साधारण दोन वर्षांचा ताल बसलाय.

भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं. बुकवर्म: नेहमीची देखभाल १० जून २०२६पर्यंत, मग एलटीएसवाल्यांकडे ३० जून २०२८पर्यंत. ट्रिक्सी: ऑगस्ट २०२८, आणि पुढे ३० जून २०३०.

ठरलं काहीच नाही. चहा झाला.

२७ जुलै, रविवार

आजपासून ट्रिक्सीचा पूर्ण फ्रीझ. कास्तकार भाऊ आजही होते. त्यांनी विचारलं, "बर्फात ठेवतात का?"

समजावून सांगता सांगता माझंच डोकं साफ झालं. नवं पॅकेज, म्हणजे एकेका प्रोग्रॅमचं गाठोडं, आधी 'सिड'मध्ये येतं. (त्या सिनेमात खेळणी मोडणारा पोरगा आहे, त्याचं नाव. सिड कधीच स्टेबल होत नाही, कायम सिडच राहतो.) तिथे ते दोन, पाच किंवा दहा दिवस मुरतं. तेवढ्यात गंभीर चूक निघाली नाही तर 'टेस्टिंग'मध्ये जातं. फ्रीझ म्हणजे टेस्टिंगचा दरवाजा हळूहळू लोटत नेणं. यंदा १५ मार्चला पहिला टप्पा, १५ एप्रिलला सॉफ्ट, १५ मेला हार्ड. आजपासून तर एकेका पॅकेजला रिलीज टीमची हाताने परवानगी लागते.

"म्हणजे यार्डातल्यासारखं," भाऊ म्हणाले. "आधी ओलावा मोजतात. जास्त निघाला का गाडी बाजूले. काट्यावर नंतर."

चपखल बसलं. फरक एवढाच की कापसात ओलावा थोडा जास्त निघाला तर भाव कापून घेतात. इथे भाव कापणं नाही. गंभीर चूक राहिली तर ते पॅकेज त्या आवृत्तीतूनच बाहेर.

९ ऑगस्ट, शनिवार

ट्रिक्सी आली. राखीपौर्णिमा, त्यामुळे खोलीत मी आणि काकाजी दोघंच, आणि काकाजींच्या दोन्ही मनगटांवर राख्या. त्यांना बातमी वाचून दाखवली: ६९,८३० पॅकेजं, त्यात १४,१००हून अधिक नवी, कर्नल ६.१२. "एवढ्याचं काय करतात?" असं विचारून ते परत देवाणघेवाणीच्या वहीकडे वळले.

१० ऑगस्ट, रविवार

रात्री अकरानंतर गच्चीवर जाऊन पहिल्या डीव्हीडीची प्रतिमा (अख्खी डीव्हीडी एका फाइलीत) उतरवायला लावली. जवळपास चार जीबी. मध्येच पाऊस आला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपडे वाळत घालायच्या तारेला टांगला. सकाळी चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) पडताळला तर जुळेना. परत. दुसऱ्या रात्री जुळला.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिलं यंत्र, खिडकीजवळचा कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम. ३२-बिटवरून ६४वर न पुसताही जाता येतं, पण ते धोक्याचं आहे असं डेबियनवालेच सांगतात. मी त्या वाटेला गेले नाही. फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पुसली, नव्याने टाकलं.

इन्स्टॉलर मराठीत चालवला. वायफायचा डोंगल इन्स्टॉल करतानाच ओळखला गेला. पूर्वी त्यासाठी फर्मवेअरची (डोंगलच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल वेगळी शोधून आणावी लागायची. २०२२मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन हा प्रश्न सोडवला आणि बुकवर्मपासून असं फर्मवेअर अधिकृत प्रतिमेतच येतं. अशा फर्मवेअरचा कोड खुला नसतो म्हणून तत्त्वाला धरून विरोध करणारेही होते. त्यांचं म्हणणं मला कळतं, पण ज्या गावात ती एक फाइल आणायला आर्वीला जावं लागतं तिथून मी हो म्हणणाऱ्यांच्याच बाजूने आहे.

सव्वा तासात एक्सएफसीई ४.२० हा हलका डेस्कटॉप उभा राहिला. देवनागरी फॉन्ट, मराठी टायपिंगसाठी आयबस आणि इनस्क्रिप्ट. अध्यक्षबाईंना बसवलं. त्यांनी गटाचा हिशेब उघडला, एक ओळ टाकली, छापली. "तिथंच आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. आजची चाचणी यशस्वी, असं धरते.

दुसरं काम: याच यंत्रावर एपीटी-कॅशर-एनजी बसवलं. पॅकेज एकदा इथे उतरलं की बाकीच्यांनी इथूनच घ्यायचं. नाहीतर एकच लिबरऑफिस गच्चीवरून आठ वेळा आणावं लागलं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. काम शून्य. खोलीच्या ओट्यावर पोरं लाकडी नंदी सजवत बसली होती. बारावीच्या पोराने त्यांना सांगितलं की संगणकालाही खेळण्याचंच नाव असतं. एका पोरीने लगेच फर्मान काढलं, मग पुढच्याचं नाव नंदी ठेवा. पुढच्याचं फोर्की ठरलंय आणि त्याच्या पुढच्याचं ड्यूक, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

३१ ऑगस्ट, रविवार

सहाही झाले. तिसऱ्याच्या वेळी लाइन गेली, तो पहिल्यापासून करावा लागला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल १३.१ आलं. हे पॉइंट रिलीज. नवी आवृत्ती नव्हे, महिनाभरात साचलेल्या दुरुस्त्यांचं गाठोडं. पोरगा म्हणाला, "पाहा ताई, महिन्यातच दुरुस्त्या निघाल्या." मी म्हटलं, लोकांच्या हाती गेल्याशिवाय काही चुका दिसतच नाहीत. ऑगस्टच्या आधी जगात कोणीतरी ते आमच्यासारख्या २ जीबीच्या यंत्रावर रोज चालवत होतं का?

दुसऱ्या यंत्रावर दुरुस्त्या चढत असताना लाइन गेली. अर्धी पॅकेजं उलगडलेली, अर्धी मांडायची राहिलेली. परत चालू केलं तर नवं काहीच घेईना, आधीचं पुरं करा म्हणे. पॅकेजं बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला राहिलेलं सगळं मांडून घे, असं एका आज्ञेत सांगता येतं. पोराने ती आज्ञा माझ्याआधी टाइप केली. आता तो आर्चचं नाव जरा कमी काढतो.

यापुढे नियम: दुरुस्त्या सकाळी, लाइनचं वेळापत्रक पाहून. वाचनालयाचा इन्व्हर्टर ट्यूबलाइट आणि पंख्यापुरताच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

ही नोंद लांबणार, कारण चूक माझीच.

वाचनालयाची जुनी सभासद-नोंदवही स्कॅन करतोय. चौथ्या यंत्राला स्कॅनर. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती: एकेक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करायचं, कच्ची प्रतिमा 'टीएमपी' या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेवायची, वही संपली की सगळ्यांची मिळून एक पीडीएफ. बुकवर्मवर दोनशे पानांची वही एका बैठकीत झाली होती. आज ३८व्या पानाला अडली. जागा नाही म्हणे. डिस्क पाहिली तर ११० जीबी मोकळी.

पुन्हा केलं, पुन्हा ३८. काकाजींना वाटलं ३८व्या पानावरच्या सभासदाचंच काही राहिलं असेल. "त्याच्याकडे दोन पुस्तकं बाकी आहेत," म्हणाले. पान खरोखर बदलून पाहिलं. तरी ३८.

मग कागदावर हिशेब मांडला. ए-फोर पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. एका ठिपक्याला तीन बाइट. झाले २६ एमबी. ३८ पानं म्हणजे एक जीबीच्या आसपास. रॅम दोन जीबी. निम्मी. डोक्यात उजेड पडला: ट्रिक्सीत 'टीएमपी' डिस्कवर राहिलेलंच नाही. ते आता रॅममध्ये असतं आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतं. माझी वही डिस्कवर नाही, मेमरीत साचत होती, आणि म्हणूनच विसाव्या पानापासून माउसही रांगत होता.

हे रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं आहे. जुनी सवय ठेवायची असेल तर 'टीएमपी डॉट माउंट' कसं झाकून टाकायचं तेही तिथेच आहे. मी त्या नोट्स वाचल्या होत्या, पण ३२-बिटचा भाग शोधून तिथेच थांबले होते. आता स्क्रिप्ट बदलून पानं घरच्या फोल्डरमध्ये टाकते. तात्पुरत्याला तात्पुरतंच राहू द्यावं. 'टीएमपी'त दोनशे पानं ठेवणारी मीच आगाऊ.

आज ११२ पानं झाली.

२८ सप्टेंबर, रविवार

जुना लेझर प्रिंटर. त्याच्या ड्रायव्हरचे काही तुकडे अजून ३२-बिटचेच. मला वाटलं, आता हा गेला. पण ३२-बिट ट्रिक्सीतून पुरतं गेलेलं नाही: ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालावेत एवढ्यापुरती त्याची पॅकेजं आहेत. मालक होता, आता भाडेकरू झाला. तो प्रकार जोडून दिला आणि दुपारपर्यंत छपाई सुरू. सोयाबीनच्या नुकसानीचे अर्ज भरणाऱ्यांची रांग होती, त्यामुळे कोणाला कसला आनंद वगैरे झाला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १०चा आधार, म्हणजे फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्यांचा काळ, आज संपला. दोन्ही आय-थ्री चौथ्या पिढीतले; विंडोज ११ला आठवी पिढी लागते, त्यामुळे तो रस्ता बंदच होता. एका वर्षाच्या वाढीव दुरुस्त्या मिळतात, पण मग पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हीच नोंद लिहायची. दोन्हींवर ट्रिक्सी. ट्रिक्सीवर आता आठ.

डेबियनला इन्स्टॉलेशनचा अहवाल पाठवता येतो: यंत्र कोणतं, काय चाललं, काय नाही. पोराने आणि मी मिळून इंग्रजीत लिहिला. त्याने 'वी आर फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज' असं सुरुवातीला घातलं होतं, ते मी काढलं. डोंगलचं नाव आणि रॅमचा आकडा घातला. क्रमांक मिळाला.

९ नोव्हेंबर, रविवार

राहिलेल्या तिघांची बैठक. कापूस वेचणी जोरात आहे, म्हणून रात्री आठला. काकाजी, पोरगा, गुरुजी, मी.

पोरगा तयारी करून आला होता. "फेडोरा लिनक्सवाल्यांनी जूनमध्ये ३२-बिटची पॅकेजं काढायचा प्रस्ताव आणला. लोक बोलले, गेम खेळणारे बोलले, प्रस्ताव मागे घेतला. आपण काहून नाही बोललो?"

गुरुजी म्हणाले, बरोबर आहे त्याचं. मीही मान हलवली, पण रात्री घरी येऊन पाहिलं तर डेबियनच्या रिलीज टीमने हे २०२३च्या डिसेंबरातच सांगून टाकलं होतं: कर्नल, इन्स्टॉलर आणि प्रतिमा या तिन्ही चमूंना ३२-बिट पीसी फार काळ ओढायची इच्छा नाही. वीस महिने आधी. त्याच वर्षी सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद आपल्या देशात, कोचीला झाली. आणि मी त्याच वर्षी ३२-बिटचा पेनड्राइव्ह घेऊन नऊ यंत्रांपुढे बसले होते.

बोललो असतो तरी काय म्हटलं असतं? आमचे तीन आहेत, राहू द्या. त्यांनी विचारलं असतं, ठीक, कर्नल तपासायला कोण बसतं? फेडोरातल्या लोकांकडे निदान रोज चालणारे खेळ होते दाखवायला. आमच्याकडे एक वही आणि टायपिंग शिकणारी पोरं. मला राग येत नाही याचा. पण पोराचा प्रश्न डोक्यातून जातही नाही. म्हणून आठही यंत्रांवर पॉपकॉन चालू केलं. कोणती पॅकेजं वापरात आहेत हे ते आठवड्यातून एकदा, नावगाव न सांगता, डेबियनला कळवतं. राहिलेल्या तिघांपैकी नेटवर एक नेटबुक आहे, त्याच्यावरही. ३२-बिटच्या रकान्यात आमचा एक आकडा पडेल.

निर्णय: नेटबुक एक, पोरांच्या टायपिंगला, नेट काढून. नेटबुक दोन, बुकवर्मवरच, दुरुस्त्या येताहेत तोवर. पेंटियम काकाजींचा. त्याची नेटची तार काढायची, वहीची प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्यायची. ३२-बिटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला संपतं, हेही मी सांगितलं. काकाजींनी बोटांवर मोजलं. "तवा मी ब्याऐंशीचा. पाहू."

१६ नोव्हेंबर, रविवार

काल १३.२ आलं. आठही यंत्रं दुपारपर्यंत झाली. गच्चीवर एकदाच जावं लागलं, बाकी सगळं खिडकीजवळच्या यंत्राने वाटलं. लाइन गेली नाही.

पेंटियम आठवडाभर घरघरत होता, तो उघडला. पंख्याच्या पात्यांत कापसाचे धागे गुंडाळलेले. शेजारच्या आवारात गाड्या भरतात, ते उडून आलेले. ब्रशने काढले, पेस्ट बदलली, झाकण लावलं. घरघर गेली. काकाजींनी एक पुस्तक जमा करून पाहिलं, एक दिलं.

मग स्वतःच म्हणाले, तिसरं कपाट रिकामं करू. वाळवीचं औषध आर्वीहून आणायचंय. पुढच्या रविवारी, सकाळी नऊला.